फर्मवेअर आणि आमच्याकडची लाईट

नवीन फर्मवेअर आलं की काही मंडळींचे हात शिवशिवायला लागतात. आकडा वाढलाय, म्हणजे चांगलंच असणार! मला हे पटत नाही. निदान अलिबाग-मुरुडकडे तरी नाही. पावसाळ्यात इथे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

२००५ साली कोरियातून आलेला जीपी२एक्स काहींना आठवत असेल. लिनक्सवर चालणारा, हातात मावणारा गेमचा डबा, पोटात दोन पेन्सिल सेल. फर्मवेअर एसडी कार्डावर टाकायचं आणि ते आतल्या मेमरीत लिहून होईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. जुनं पुसलंय, नवं अर्धवट उतरलंय आणि नेमकी तेव्हाच वीज तुटली, की डब्याची झाली वीट!

२०२२ चा स्टीम डेक हेच काम शहाणपणाने करतो. त्यात सिस्टमच्या दोन प्रती असतात. अपडेट उतरतं ते वापरात नसलेल्या प्रतीवर, चालू प्रतीला हात लागत नाही. नवी उठलीच नाही, तर जुनीवर परत जाता येतं. (बायोसचं अपडेट वेगळं, तिथे अजूनही जपावं लागतं.)

तेव्हा भाचेमंडळी, नवा डबा घेताना स्क्रीन किती इंची हे मागाहून विचारा. अपडेट फसलं तर परतीची वाट आहे का, ते आधी. आणि हातातला नीट चालत असेल, तर नव्या फर्मवेअरमध्ये नक्की काय बदललंय ते वाचा. तुमच्या गेमशी त्याचा संबंध नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा की!