कुत्र्याचा विमा : पॉलिसी शहरातली, जोखीम किन्हवलीची

शहापूर आणि मुरबाड यांच्या दरम्यान असलेल्या किन्हवली परिसरात कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नाही. शेळ्यांचा कळप, भाताचे खळे आणि अलीकडे मुंबई-ठाणेकरांनी बांधलेली फार्महाऊस यांची राखण त्याच्याकडेच असते. मात्र त्याच्या आजारपणाचा किंवा मृत्यूचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे.

गायी-म्हशींची स्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल केले. पशुविम्याच्या हप्त्यातील शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणण्यात आला. उर्वरित रक्कम केंद्र व राज्य सरकारांनी भरायची आहे. शेळ्या-मेंढ्याही या योजनेत मोडतात. त्याच शेळ्यांची राखण करणारा कुत्रा मात्र योजनेच्या यादीत नाही. त्याच्यासाठी पूर्ण हप्ता मालकालाच भरावा लागतो.

कुत्र्याचा विमा ही कल्पना जगाला नवी नाही. स्वीडनमध्ये १९२४ सालापासून असा विमा मिळतो आणि आज तेथील बहुसंख्य कुत्री विमाधारक आहेत. भारतात सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्यांसाठीच्या पॉलिसी पूर्वीपासून होत्या, पण त्यांचा भर मृत्यूनंतरच्या भरपाईवर असे. पुण्याच्या तेव्हाच्या बजाज अलियान्झने २०२० मध्ये शस्त्रक्रिया, रुग्णालयातील उपचार, चोरी आणि तिऱ्हाइताचे नुकसान यांचा समावेश असलेली योजना आणली. त्यानंतर इतर खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. या योजनांचा ग्राहक मुख्यतः शहरी असल्याने ग्रामीण भागातील मालकाने पॉलिसी निवडताना आपली जोखीम स्वतःच तपासून पाहणे भाग आहे.

ही जोखीम कोणती? पावसाळ्यात घोणस, नाग, फुरसे यांचा दंश आणि लेप्टोस्पायरोसिस, वर्षभर गोचिडांपासून होणारा ताप, रस्त्यावरचे अपघात, आणि बिबट्या. शहापूरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला होता. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या कसाऱ्यामार्गे मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला होता. म्हणजे हा सारा पट्टा बिबट्याच्या वाटेवरचाच आहे. म्हणून सर्पदंश आणि वन्यप्राण्याचा हल्ला हे ‘अपघात’ या व्याख्येत बसतात का, हे पॉलिसी घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा उपचारांचा. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्टचे प्राणी रुग्णालय किन्हवलीपासून बरेच दूर आहे. रात्री-अपरात्री तेथे पोहोचणे अवघड. त्यामुळे गावातील नोंदणीकृत पशुवैद्यकाचे बिल कंपनी मान्य करते का आणि आधी रोख भरून नंतर परतावा मिळतो का, हे पाहणे हप्त्याच्या रकमेइतकेच महत्त्वाचे ठरते.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. समजा, शस्त्रक्रियेचे बिल ४० हजार रुपये झाले आणि पॉलिसीत मालकाचा वाटा २० टक्के आहे. मग कंपनी ३२ हजार देईल. पण शस्त्रक्रियेची कमाल मर्यादा २५ हजार असेल तर किमान १५ हजार रुपये मालकाच्याच खिशातून जातील. स्वस्त हप्त्यामागे बहुधा अशीच मर्यादा असते. शिवाय पॉलिसी घेण्यापूर्वीचे आजार, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ आणि प्रवेशाच्या वयाची अट या गोष्टी जवळपास सर्वत्र आढळतात. लस न दिल्यामुळे झालेल्या आजाराचा दावा तर सहसा नाकारलाच जातो. त्यामुळे रेबीज, पार्वो, डिस्टेंपर यांच्या लसी व त्यांची नोंदवही हाच खरा पहिला विमा होय. गावठी कुत्र्याच्या बाबतीत ओळख पटवण्याचा प्रश्न उद्भवतो. त्यासाठी मायक्रोचिप किंवा छायाचित्रांसह पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण अनेक जण अनावश्यक समजतात. फार्महाऊसवर मोकळा सोडलेला कुत्रा वाटसरूला चावला तर उपचारांचा खर्च आणि भरपाईची मागणी मालकावर येऊ शकते. ताब्यातील प्राण्याबाबत हलगर्जीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा भरपाईचा भार हलका करील. शिक्षेतून सोडवणार नाही.

या परिसरासाठी निवडीचा क्रम म्हणूनच शहरापेक्षा वेगळा हवा. आधी लसीकरण, मग अपघात व शस्त्रक्रिया, त्यानंतर तिऱ्हाइताची जबाबदारी. मृत्यूची भरपाई सर्वांत शेवटी. देशी कुत्र्याची बाजारातील किंमत नगण्य असल्याने त्या भरपाईतून फारसे हाती लागत नाही. हप्ता परवडत नसेल तर तेवढीच रक्कम दरवर्षी बाजूला ठेवणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

प्रश्न अखेर धोरणाचाही आहे. कळप वाचवणारा कुत्रा शेतकऱ्याच्या उपजीविकेचाच भाग असेल, तर पशुधनाच्या व्याख्येबाहेर तो किती काळ राहणार, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.