चिपच्या शर्यतीत सॉफ्टवेअर अडवून काय होतं?

मे 2025 च्या शेवटी अमेरिकेने चीनला चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर विकण्यावर निर्बंध घातले आणि जुलैच्या सुरुवातीला मागेही घेतले. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून प्रश्न पडला: मशीन अडवलेलं समजतं, पण कोड अडवून काय होतं? तो तर कुणीही लिहील ना?

उत्तर शोधायला ईयूव्ही मास्कचं उदाहरण घेऊ.

तुमच्या फोनमध्ये 3 नॅनोमीटरची चिप असेल, तर ती ईयूव्ही लिथोग्राफीने छापलेली आहे. ही मशिन्स फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते आणि चीनला ती मिळत नाहीत. यातल्या प्रकाशाची तरंगलांबी 13.5 नॅनोमीटर. हा प्रकाश काच शोषून घेते, हवासुद्धा. म्हणून आत निर्वात पोकळी, भिंगांऐवजी आरसे, आणि डिझाइन असलेला मास्कही आरसाच. मोलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या साधारण 40 जोड्या, प्रत्येक जोडी सुमारे 7 नॅनोमीटर. एवढं करून जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश परत येतो.

सावलीचा घोळ

या आरशावर डिझाइनच्या रेषा टँटलमयुक्त थराच्या असतात, उंची साधारण 60 नॅनोमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या चौपटीहून जास्त. त्यात प्रकाश येतो 6 अंश तिरपा. ऊन कललं की कंपाउंडच्या एका भिंतीची सावली पडते, तिला काटकोनात असलेल्या भिंतीची फारशी पडत नाही. इथेही तेच. सारख्या रुंदीच्या आडव्या आणि उभ्या रेषा वेफरवर वेगवेगळ्या रुंदीच्या छापल्या जातात.

म्हणून मास्क बनवण्याआधीच प्रकाश कसा परतेल हे कॉम्प्युटरवर काढतात आणि डिझाइन तेवढं दुरुस्त करतात. समीकरणं मॅक्सवेलची, दीडशे वर्षांहून जुनी. अडचण आकाराची आहे. मास्कवरचं क्षेत्र 104 बाय 132 मिलिमीटर. 2 नॅनोमीटरचे चौकोन पाडले तर एकाच थरात 34 कोटी कोटी होतात! त्यामुळे छोटे तुकडे अचूक सोडवतात आणि पूर्ण मास्कला अंदाजी मॉडेल लावतात. एनव्हिडियाने मार्च 2023 मध्ये जाहीर केलेलं क्युलिथो याच प्रकारचा हिशेब जीपीयूवर वेगाने करण्यासाठी आहे.

कोड की डेटा?

मी लॅपटॉपवर नुसत्या आरशाचं सिम्युलेशन लिहून पाहिलं, रेषा न घेता. एका रविवारात झालं. या पदार्थांचे आकडे अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या साइटवर मोफत मिळतात. जोडीची जाडी अर्धा नॅनोमीटर वाढवली, तर 13.5 वरचा परावर्तित प्रकाश जवळपास गायबच झाला.

तिथेच मला उत्तर मिळालं. समीकरणं उघडी आहेत, कोडही लिहिता येतो. पण अंदाजी मॉडेल खऱ्या वेफरच्या मोजमापांशी जुळवून घ्यावं लागतं आणि ती मोजमापं फॅबच्या कुलपात असतात. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमागे अशी अनेक वर्षांची जुळवाजुळव असते. माझ्या मते निर्बंधांचा खरा मार तिथे बसतो.

आपल्याकडे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा धोलेरा प्रकल्प 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राचा आहे. त्याला ईयूव्ही लागत नाही, पण मास्क दुरुस्तीचं सिम्युलेशन तिथेही लागतं. फॅबची इमारत पैशाने उभी राहते. मोजमापांचा साठा मात्र चुका करत, मोजत, स्वतःच जमवावा लागतो. इंजिनिअरिंगला असाल तर मॅक्सवेलचा धडा ऑप्शनला टाकू नका.