बळदातला बैल

आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणे आटोपली, की सगळ्यांनी मिळून खोटे बोलण्याचा प्रघात आहे. इतरांच्या घरी तो आठवडाभर चालतो असे ऐकतो. आम्ही त्यासाठी वार नेमून घेतला आहे, एवढेच.

खेळ साधा आहे. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ वडिलांनी घेऊन ठेवला होता. १९३२ ते १९३८ या सात वर्षांत सात खंड बाहेर पडले, असा तो प्रचंड कोश. आमच्याकडचा तिसरा खंड बरीच वर्षे कपाटाच्या मोडक्या पायाखाली सेवेत होता. तो आता मुक्त झाला आहे. तर एकाने कोश उघडायचा, कोणाला ठाऊक नसेल असा शब्द काढायचा आणि खरा अर्थ गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा. बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर त्याच शब्दाचा खोटा अर्थ लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या आणि मते घ्यायची. खरा ओळखला तर एक गुण, आपल्या खोट्याला कोणी फसला तरी एक गुण. विलायतेत बीबीसीने १९६५ साली याच धर्तीचा ‘कॉल माय ब्लफ’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू केला आणि १९८४ मध्ये कॅनडात ‘बाल्डरडॅश’ नावाने तो खोक्यात घालून विकायला काढला. आम्हाला मात्र खोके लागत नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी!

मागे एकदा ‘धाबे’ हा शब्द निघाला. चिरंजीवांनी लिहिले, ‘महामार्गावरील उपाहारगृहे’. सौ.ने लिहिले, ‘बैलाच्या खुरांना पावसाळ्यात होणारा रोग’. अस्मादिकांनी लिहिले, ‘निजामी अमलातील घरपट्टी, दर घरटी सव्वा रुपया, सन १३३५ फसली’. सगळी मते मला पडली. ज्या खोट्याला आकडा आणि सन चिकटवला ते खरे वाटते, हे मला बी.कॉम.ला कोणी शिकवले नव्हते, नोकरीत कळले. खरा अर्थ होता, मातीचे सपाट छप्पर. आपण रोज कोणाची ना कोणाची धाबी दणाणून सोडतो, पण नेमके काय दणाणते ते घरात एकालाही ठाऊक नव्हते. म्हणजे एक सोडून. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, “आपल्या जिंतूरकडल्या घराला धाबंच होतं की. पावसाळ्याच्या आधी माती टाकावी लागायची वर.”

अशा या निरुपद्रवी कार्यक्रमात आमचे एक स्नेही येऊन थडकले. ते मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. दोन मिनिटे त्यांनी ऐकले आणि चहाची बशी खाली ठेवली.

“शब्दांचे खोटे अर्थ? आणि मुलांच्या तोंडी? अहो, आधीच या पिढीला मराठी येत नाही, त्यात तुम्ही विष कालवता! कोश म्हणजे काय पत्त्यांचा जोड आहे?”

मी नोकरीमुळे कोणालाही उलट बोलत नाही. नुसता पुढचा शब्द काढला. शब्द निघाला ‘बळद’. सरांना राहवले नाही. “यात कसला खेळ? बलीवर्द, त्यापासून बळद. बळद म्हणजे बैल. गुजरातीत आजही बळद म्हणजे बैलच!” व्युत्पत्ती अशी तुळतुळीत, की मुलांनी मते टाकूनही दिली.

“सर,” आई म्हणाली, “बळदात जवारी ठेवतेत. बैलात नाही.”

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत धान्य साठवायला भिंतीत बांधलेली कोठी असे, तिला बळद म्हणतात. सरांचे गुजराती बरोबरच होते. फक्त बैल परभणीत येऊन भिंतीत अडकला. सर चहा अर्धा टाकून गेले आणि जाता जाता ‘हा भाषाद्रोह आहे’ असे बजावून गेले. तेव्हा तोंडी देता आले नाही ते उत्तर येथे लेखी देतो.

पहिली गोष्ट, सर, खोटा अर्थ रचणे हे खरा अर्थ पाठ करण्याहून कठीण आहे. माझी मुलगी कोणाला फसवायचे म्हणून शब्दाचे लिंग पाहते, कोठला प्रत्यय लागला आहे ते पाहते, कोशकार कसे लिहितात ते पाहते. शाळेने दहा वर्षांत जो कोश तिला एकदाही उघडायला लावला नाही, तो ती खोटे बोलण्यासाठी दर रविवारी उघडते. सत्यासाठी इतके कष्ट कोणी घेतलेले मी पाहिलेले नाहीत.

दुसरी गोष्ट, कोश पवित्र असतो खरा, पण तो लिहितात माणसे आणि उतरवून घेतात आमच्यासारखे कारकून. १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या जाडजूड इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापला गेला, अर्थ, घनता. असा शब्द इंग्रजीत नव्हताच. घनतेसाठी ‘डी’ हे अक्षर मोठे किंवा लहान चालते, अशी ‘डी ऑर डी’ लिहिलेली एक चिठ्ठी होती. कोणीतरी ती सलग वाचली आणि झाला डॉर्ड! १९३९ मध्ये ते ध्यानात येईपर्यंत हा अनाथ शब्द इभ्रतीने कोशात नांदत होता. माझ्या हातून एक शून्य इकडचे तिकडे झाले, तर संध्याकाळी सहालाच पकडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आमच्या खेळात शेवटी खरा अर्थ वाचून दाखवतात. जो खेळ आठवडाभर बाहेर चालतो, त्यात हे कलमच नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी परभणी निजामाच्या राज्यात होती. सरकारी कागद उर्दूत येई. तो वाचून घ्यायला आजोबा जाणत्याचा उंबरा झिजवीत. तो सांगेल तो अर्थ खरा. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाला थट्टेने ‘बदनाम कोश’ म्हणणारेही निघाले. मी त्यांतला नाही. नवे शब्द हवेतच. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही एके काळी सावरकरांनी नवेच आणले होते, आज ते कोणाच्या दाताखाली येत नाहीत. माझे म्हणणे इतकेच, की आजोबांना कागद कळत नव्हता तेव्हा भाषा परकी होती. आता भाषा आपली आहे, कागद आपला आहे, आणि उंबरा झिजवणे मात्र चालूच आहे. फक्त तो उंबरा आता माझ्या काउंटरचा आहे.

तिथले मासले पाहा. कर्ज थकले की ते खाते ‘अनुत्पादक मालमत्ता’ होते. पीककर्ज असेल, तर थोड्या मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकबाकी झाल्यावर. सेलूकडचा एक शेतकरी ती नोटीस घेऊन आला. “साहेब, माझं शेत अनुत्पादक कसं? यंदा सोयाबीन बरं झालंय की.” मी समजावले की शेत नाही, कर्ज, बँकेच्या हिशेबी दिलेले कर्ज ही बँकेची मालमत्ता. तो माझ्याकडे पाहतच राहिला. “कर्ज माझं, अन् मालमत्ता तुमची व्हय?” बी.कॉम.च्या तीन वर्षांत ताळेबंदावर याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आमचे स्वतःचे तरी काय? मी कारकून म्हणून लागलो. अलीकडे बँकांतले कारकून ‘ग्राहक सेवा सहयोगी’ झाले आहेत. आईला सांगितले, तर तिने विचारले, “मंग कारकुनाच्या जागी कोण आलं?”

पण आणखी एक शब्द आहे, तो हसून सांगता येत नाही. २०१५ च्या दुष्काळानंतर पीककर्जांचे ‘पुनर्गठन’ झाले. म्हणजे थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून मुदत वाढवायची. कर्ज तेवढेच, व्याज चालूच. एका म्हाताऱ्या खातेदाराने सही करताना मला विचारले, “म्हंजे गठुडं बांधून बाजूला ठेवलं, असंच ना साहेब?” रांग दारापर्यंत गेली होती. मी मान वर न करता म्हणालो, “हो, तसंच काहीसं.” दुसऱ्या वर्षी ते मुलीच्या लग्नासाठी नवे कर्ज मागायला आले. जुने मिटले आहे, अशा समजुतीने स्थळाला शब्द देऊन आले होते. खात्यावर किती निघते ते मी वाचून दाखवले. ते रागावले नाहीत. “मला तसं वाटलं नव्हतं,” इतकेच म्हणाले आणि पासबुक पिशवीत ठेवून निघून गेले. सर, खोट्या अर्थाला मत दिले ते त्यांनी. चिठ्ठी मात्र माझी होती.

म्हणून माझी मागणी आहे, की हा खेळ बंद करू नये. उलट कचेऱ्यांतून सक्तीचा करावा. कोणताही नवा शब्द फॉर्मवर छापण्यापूर्वी बाहेर बाकावर बसलेली पाच माणसे आत बोलवावीत. खरा अर्थ आणि चार खोटे त्यांच्यापुढे वाचावेत. खोट्याला जास्त मते पडली, तर शब्द रद्द. खर्च काही नाही. चिठ्ठ्यांना पाठकोरे कागद चालतात.

मी घरापासून सुरुवात केली. गेल्या रविवारी मुद्दाम ‘पुनर्गठन’ हा शब्द घातला. खऱ्या अर्थाची चिठ्ठी माझी: ‘थकीत कर्जाच्या परतफेडीची मुदत व अटी नव्याने निश्चित करणे’. आईने आपली चिठ्ठी नातीकडून लिहून घेतली: ‘गठुडं सोडून परत बांधणे. ओझं तेवढंच.’

सगळी मते आईला पडली. नियमाप्रमाणे तिचा अर्थ खोटा धरायला हवा होता. मी गुण देऊन टाकले, आणि सोमवारपासून काउंटरवर तोच अर्थ सांगू लागलो आहे. तो पुन्हा विचारायला अजून कोणी आलेले नाही.