विश्लेषण : जर्मन ‘ब्रेस्लाऊ’चे पोलिश ‘व्रोत्सवाफ’ कसे झाले? इतिहासाच्या आधारे शहरावर हक्क सांगता येतो का?

युक्रेनवर आक्रमण करताना रशियाने इतिहासाचा दाखला दिला. पोलंडने दुसऱ्या महायुद्धातील नुकसानीची भरपाई जर्मनीकडे मागितली, तीही इतिहासाच्याच आधारे. ‘ही भूमी मुळात कोणाची,’ या प्रश्नाने युरोप पुन्हा अस्वस्थ झाला आहे. हा प्रश्न पोलंडच्या नैर्ऋत्येकडील व्रोत्सवाफ या शहराइतका क्वचितच दुसऱ्या कोणाला सतावला असेल.

हजार वर्षांत किती सत्ता?

ओडर नदीच्या बेटांवर वसलेल्या या गावात इसवी सन १००० मध्ये पोलिश राजवटीत बिशपचे पीठ स्थापन झाले. १२४१ मध्ये मंगोल स्वारीत ते जळाले. त्यानंतर आलेल्या जर्मन भाषक व्यापारी आणि कारागिरांनी ते वाढवले. १३३५ मध्ये शहर बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या झेक प्रदेशातील राज्याच्या ताब्यात गेले. १५२६ मध्ये हॅब्सबर्ग घराण्याकडे आणि १७४१ मध्ये प्रशियाकडे. १८७१ नंतर ते जर्मन साम्राज्यातील एक मोठे शहर होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा येथील लोकसंख्या सहा लाखांवर होती आणि त्यातील बहुतेक सारे जर्मन होते. पोलंडने हक्क सांगायचा तर वर्ष १००० पुढे करता येते, जर्मनीला प्रशियाकाळापासूनची दोनशे वर्षे दाखवता येतात आणि झेकांनाही दोन शतकांचा दाखला देता येतो. यातला एकही दावा खोटा नाही.

१९४५ मध्ये काय घडले?

नाझी राजवटीने आधी शहरातील ज्यू संपवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये मोठे सिनेगॉग जाळण्यात आले आणि १९४१ पासून ज्यूंना मृत्यूच्या दाढेत पाठवणे सुरू झाले. पुढे हिटलरने शहराला ‘किल्ला’ घोषित केले. जानेवारी १९४५ च्या कडाक्याच्या थंडीत बायका-मुलांना पायी बाहेर पडायला लावले. फेब्रुवारीत सोव्हिएत फौजांनी वेढा घातला. विमानांसाठी धावपट्टी हवी म्हणून नाझी प्रशासनाने स्वतःच्याच शहरातील वस्ती पाडली. बर्लिन २ मे रोजी पडले. ब्रेस्लाऊने ६ मे रोजी शरणागती पत्करली. तोवर शहराचा मोठा भाग ढिगाऱ्यात गेला होता.

पोट्सडॅम परिषदेत ओडर-नायसे नद्यांच्या पूर्वेचा बहुतांश जर्मन प्रदेश पोलंडच्या प्रशासनाखाली देण्यात आला. त्याच वेळी पोलंडचा पूर्व भाग, ल्विव्ह आणि व्हिल्निअससह, सोव्हिएत संघाने घेतला. अख्खा देश पश्चिमेकडे सरकला. काही वर्षांत ब्रेस्लाऊमधील जवळपास सारे जर्मन हाकलले गेले आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबे राहायला आली.

नवे रहिवासी कोण होते?

ते सारे ल्विव्हचे, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य मध्य पोलंड आणि पोझनान भागातून आले. मात्र ल्विव्हहून प्राध्यापक आले, ओसोलिनेउम ग्रंथालयाचा मोठा भाग आला आणि नाटककार फ्रेद्रोचा पुतळाही मुख्य चौकात उभा राहिला. सरकारी भाषेत हा ‘परत मिळवलेला प्रदेश’ होता. त्यामुळे जर्मन पाट्या खरवडल्या गेल्या आणि जर्मन दफनभूमी सपाट झाल्या. तरी रहिवाशांची धाकधूक जात नव्हती. पोट्सडॅममध्ये सीमेचा अंतिम निर्णय शांतता करारावर सोडलेला होता. जर्मन परत आले तर काय, या भीतीने अनेकांनी वर्षानुवर्षे बांधाबांध सोडलीच नाही. शहराच्या विटा वॉर्साच्या उभारणीसाठी पाठवल्या जात होत्या.

भीती कशाने गेली?

इतिहासाचा निवाडा लागल्याने नव्हे. १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. त्याचा मसुदा व्रोत्सवाफचे बोलेस्लाव्ह कोमिनेक यांनी केला होता. कम्युनिस्ट सरकारने त्यावर आगपाखड केली. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने सीमा मान्य केली आणि एकीकरणानंतर १९९० च्या करारात ती कायम झाली. त्याच वर्षी व्रोत्सवाफने आपले सोळाव्या शतकातील बोधचिन्ह पुन्हा स्वीकारले. त्यात बोहेमियाचा सिंह आहे आणि सायलेशियाचा गरुडही. हे चिन्ह १९३८ मध्ये नाझींनी बदलले होते. कम्युनिस्टांनीही ते परत आणले नव्हते. २००८ मध्ये नामशेष जर्मन दफनभूमींचे स्मारक उभारले गेले, त्यात जुने थडग्यांचे दगड वापरले. घर आपल्याकडून कोणी काढून घेणार नाही याची खात्री पटल्यावरच आधीच्या मालकाचे नाव घेणे शहराला जमले.

आता नवी कसोटी कोणती?

२०२२ मध्ये पोलंडच्या तत्कालीन सरकारने जर्मनीकडे ६.२ लाख कोटी झ्लॉटींची भरपाई मागितली. हा विषय कायद्याने संपला आहे, असे जर्मनीचे म्हणणे. पण पोलंडने सीमेबाबत नव्हे, तर पैशांबाबत वाद काढला, हा फरक महत्त्वाचा.

दुसरी कसोटी घरातली आहे. युद्धामुळे पोलंडमध्ये आलेल्या युक्रेनी लोकांपैकी बरेच जण व्रोत्सवाफमध्ये राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष कारोल नावरोत्स्की यांनी युक्रेनी निर्वासितांच्या सवलतींना मुदतवाढ देणारे विधेयक रोखले. बाल भत्ता नोकरी करणाऱ्यांनाच मिळावा, अशी त्यांची भूमिका होती. व्होल्हिनियात १९४३ मध्ये युक्रेनी बंडखोरांनी केलेल्या पोलिश नागरिकांच्या हत्याकांडाची जखमही भळभळते आहे. ज्या ल्विव्हमधून एकेकाळी पोलिश कुटुंबे व्रोत्सवाफला आली, त्याच भागातून आता युक्रेनी कुटुंबे येत आहेत.

हक्काचा हिशेब मागे नेत गेले, तर आज व्रोत्सवाफमध्ये राहणाऱ्या बहुतेकांच्या आजी-आजोबांचा जन्म तिथला नसतो. तरी शहर त्यांचे आहे. कारण १९४५ नंतर जन्मलेल्या पिढ्यांनी ते घडवले आणि शेजाऱ्याने ती सीमा मान्य केली. ‘मूळ मालक कोण’ या प्रश्नाला व्रोत्सवाफने उत्तर दिलेले नाही. तो प्रश्न बाजूला ठेवण्याची किंमत मात्र त्याने पुरती मोजली आहे. युक्रेनच्या शहरांवर कोणाचा हक्क, याचा फैसला जुने नकाशे काढून करू पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहायला हवा.