संतोष करंडक जिंकला, राष्ट्रीय संघ मात्र दूरच

हिनकल (म्हैसूर) : सौदी अरेबियातील रियाध येथे ४ मार्च २०२३ रोजी कर्नाटकाने मेघालयाचा ३-२ असा पराभव करून संतोष करंडक पटकावला. यापूर्वी हा मान या राज्याला १९६८-६९ मध्ये, म्हणजे राज्याचे नाव अद्याप म्हैसूर असताना मिळाला होता. ५४ वर्षांची प्रतीक्षा संपल्याचा आनंद स्वाभाविक होता. परंतु त्यानंतर पंधरवड्याच्या आतच इंफाळ येथील तिरंगी स्पर्धेसाठी २३ खेळाडूंचा भारतीय संघ जाहीर झाला आणि त्यात या विजेत्या संघातील एकाही खेळाडूचे नाव नव्हते. निवड झालेले सर्व खेळाडू इंडियन सुपर लीगमधील क्लबांचे होते.

हा अन्याय होता काय? तत्कालीन प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्या बाजूने पाहिल्यास तसे म्हणता येणार नाही. भारताने म्यानमार व किरगिझस्तान यांना नमवून ती स्पर्धा जिंकली. मात्र या घटनेने एक गोष्ट स्पष्ट केली. राज्याच्या संघातून देशाच्या संघात कोण जाणार, याचे भाकीत आता खेळाडूच्या कामगिरीपेक्षा तो कोणत्या स्पर्धेत खेळतो, यावरून अधिक अचूक करता येते.

पूर्वीची वाट

१९४१ मध्ये सुरू झालेली संतोष करंडक स्पर्धा दीर्घकाळ राष्ट्रीय निवडीची मुख्य कसोटी होती. म्हैसूरने १९४६-४७ मध्ये हा करंडक प्रथम जिंकला आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल नोंदविला तो म्हैसूरच्याच सारंगपाणी रमण यांनी. १९६० च्या दशकात आशिया खंडातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्व जर्नेलसिंग यांच्याकडे आले. त्या पिढीतील बहुतेक नामवंत खेळाडू क्लबबरोबरच आपल्या राज्याकडूनही खेळत. त्यामुळे निवड समितीला देशातील उत्तम खेळाडू एकाच स्पर्धेत परस्परांविरुद्ध पाहावयास मिळत.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यानंतर हे चित्र बदलले. दोन्ही स्पर्धांचे वेळापत्रक बहुधा एकमेकांवर येते आणि क्लब आपले प्रमुख खेळाडू राज्यांसाठी सोडत नाहीत. परिणामी संतोष करंडक ही लीगमध्ये स्थान न मिळालेल्या अथवा अद्याप न मिळालेल्या खेळाडूंची स्पर्धा बनली.

भाकिताचे निकष

अशा संघातून पुढे कोण जाईल, हे ठरविताना तीन बाबी पाहाव्या लागतात. पहिली बाब वयाची. विशी नुकतीच ओलांडलेल्या खेळाडूला क्लब करार देण्यास तयार होतो. पंचविशीनंतर ती शक्यता झपाट्याने घटते.

दुसरी बाब मैदानावरील जागेची. लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून एका वेळी मैदानात उतरणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या पाचवरून चारवर आली. तरीही आघाडी आणि मध्यभागातील मोक्याच्या जागा क्लब प्रामुख्याने परदेशी खेळाडूंना देतात. म्हणून भरपूर गोल करणाऱ्या आघाडीवीरापेक्षा बाजूने धावणारा बचावपटू किंवा गोलरक्षक अधिक सहज पुढे सरकतो. प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो गोल करणारा, परंतु निवडीची संधी अनेकदा इतरांना असते.

तिसरी बाब सर्वांत निर्णायक, ती म्हणजे क्लबचा करार. एप्रिल २०२२ मध्ये उपांत्य सामन्यात केरळने कर्नाटकाचा ७-३ असा धुव्वा उडविला. बदली खेळाडू म्हणून आलेल्या टी. के. जेसिनने त्यात पाच गोल केले. त्याला भारतीय संघाचे बोलावणे आले नाही. ईस्ट बंगाल क्लबचा करार मात्र मिळाला. संतोष करंडकाची आजची पोहोच तेथपर्यंत आहे. पुढची पायरी क्लबच्या पहिल्या अकरा खेळाडूंतून चढावी लागते.

महाराष्ट्राचा अनुभव

मुंबईच्या राहुल भेकेचे उदाहरण येथे बोलके आहे. मार्च २०१९ मध्ये लीगच्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला गोल करून त्याने बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, तो भारताकडून प्रथम खेळला. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाट निराळी. पुण्याच्या बालेवाडी क्रीडापीठातून तो २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषक संघात पोहोचला. एकाला लीगने हात दिला, दुसऱ्याला लहान वयातील प्रशिक्षणाने. चार वेळा संतोष करंडक जिंकलेल्या महाराष्ट्राने याची नोंद घ्यावयास हवी.

पर्याय काय?

म्हैसूर शहरालगत, हुणसूर रस्त्यावरील हिनकलसारख्या ठिकाणच्या मुलाला या गणिताची सर्वाधिक झळ बसते. राज्यात बेंगळुरू एफसीसारखा मोठा क्लब असला, तरी तो खेळाडू देशभरातून निवडतो. त्याच्या सुरेश सिंग व रोशन सिंग या भारताकडून खेळलेल्या खेळाडूंचे घर मणिपूरमध्ये आहे. हिनकलच्या मुलाला राज्याचा संघ हाच जवळचा जिना आहे. राज्याकडून खेळल्यास खेळाडूंसाठी राखीव नोकरीची आशा असते आणि अनेक कुटुंबांच्या दृष्टीने तीच खरी निवड ठरते.

केवळ लीगवर विसंबण्यातील धोकाही आता उघड झाला आहे. २०२५-२६ चा हंगाम व्यावसायिक करारांच्या वादामुळे नेहमीप्रमाणे सप्टेंबरमध्ये सुरू होऊ शकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रे स्वीकारलेल्या खालिद जमील यांना लीगचे सामने बंद असतानाच संघ बांधावा लागला. ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव पत्करून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाद झाला. या अपयशाला कारणे अनेक आहेत. पण पाहणीचे एकच केंद्र ठेवले की ते बंद पडताच निवड आंधळी होते, हेही त्यांपैकी एक.

संतोष करंडकाचा विजेता संघ थेट भारताकडून खेळावा, अशी अपेक्षा अवास्तव आहे. परंतु त्यातील चार-पाच तरुणांना राष्ट्रीय शिबिरात बोलावून लीगच्या खेळाडूंबरोबर पारखणे अशक्य नाही. त्यातून कदाचित एकही निवडला जाणार नाही. तरीही तो निर्णय त्याचा खेळ पाहून झालेला असेल, त्याच्या क्लबचे नाव पाहून नव्हे.