नीतीचा तास कुणाच्या सोयीचा?

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावातल्या भिल्ल किंवा पावरा मुलीला चौथीनंतर पुढं शिकायचं, तर वाटा मोजक्याच असतात. जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी आश्रमशाळा, एखाद्या संस्थेचं विद्यालय, नाहीतर लांबच्या एखाद्या मिशनची शाळा आणि सिस्टरांचं वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरीला सांभाळणार कोण, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्याही आधी येतो. सिस्टरांकडे पोर नीट राहते, शिकते, हा भरवसा तलासरीसारख्या आदिवासी पट्ट्यांत कॅथलिक शाळांनी कष्टानं कमावला आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण भरवसा कमावला म्हणून जाब द्यायचा नाही, असं कुठं आहे?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकू. १९९८ च्या नाताळात आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनाघरं जाळली गेली, मिशनच्या शाळांवर हल्ले झाले. त्या जमावाशी आमचं काही देणंघेणं नाही. मुलगी शिकते का, याची त्यांना फिकीर नव्हती. ती कुणाच्या मालकीची, एवढाच त्यांचा हिशेब. आमचा सवाल मुलीच्या बाजूनं आहे.

पाचवी ते आठवी ही वर्षं मुलीच्या आयुष्यात फार नाजूक. याच काळात पाळी येते, याच काळात घरात लग्नाची कुजबुज सुरू होते, याच काळात शाळा सुटते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात शंभर बायकांमागे सुमारे ५६ साक्षर होत्या. मग या चार वर्षांत शाळा मुलीला काय देते?

कॅथलिक शाळांची जुनी रीत अशी, की ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि त्याच वेळात बाकीच्यांना नीतिशिक्षण. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. नीतिशिक्षणाला असा अडसर नाही, म्हणून त्याकडे कुणी बारकाईनं पाहतही नाही. वडीलधाऱ्यांचं ऐका, उलटून बोलू नका, क्षमा करा, त्याग करा. यात वाईट काय, असं कुणीही विचारील. वाईट हे, की हाच धडा मुलाला एक सांगतो आणि मुलीला दुसरंच. बाप रोज दारू पिऊन आईला मारतो, त्या घरातल्या मुलीनं कुणाला क्षमा करायची? तेराव्या वर्षी लग्न ठरवणारेही वडीलधारेच असतात. त्यांचं ऐकायचं? सोशिकपणा तिला घरीच शिकवला जातो, त्यासाठी शाळेचा तास खर्ची घालायला नको.

खरी नीती याच मातीत घडलेली आहे. १९७२-७३ च्या सुमारास श्रमिक संघटनेच्या चळवळीत शहाद्याच्या आदिवासी बायका गावोगाव फिरल्या, दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या आज्ञाधारक नव्हत्या, म्हणूनच त्यांच्या लेकींचं जिणं थोडं सुसह्य झालं. या बायकांचा धडा कुठल्या नीतीच्या पुस्तकात आहे?

धर्मातूनच शिकवायचं म्हणत असाल, तरी हरकत नाही. मरियेची मूर्ती मुलींपुढे नम्रतेचा आदर्श म्हणून ठेवतात. पण लूकच्या शुभवर्तमानातली मरिया सत्ताधाऱ्यांच्या पाडावाबद्दल आणि भुकेल्यांच्या तृप्तीबद्दल मोठ्या आवाजात बोलते. ती मरिया वर्गात का येत नाही?

उपक्रमांचीही तीच तऱ्हा, आणि ती फक्त मिशनच्या शाळांची नाही. मुलींना शिवण-भरतकाम, मुलांना मैदान. गॅदरिंगला आदिवासी नाच हौसेनं बसवायचा, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि वर्गात पोरीच्या तोंडून पावरी शब्द निघाला की तिला गप्प करायचं. तिचा नाच हवा आणि तिची बोली नको, हा कुठला न्याय?

शरीराबद्दल तर सगळीकडे मौन. २००७ साली महाराष्ट्र सरकारनंच संस्कृतीच्या नावानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा धर्म कुठलाही असो, सगळे संस्कृतिरक्षक एकाच सुरात बोलतात हे दिसलं. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लहानग्यांवरच्या अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा ठरवला. ज्या मुलीला आपल्या अवयवांची नावं उच्चारायला लाज शिकवली, ती तक्रार कुठल्या शब्दांत करणार?

भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं आहे. म्हणजे आम्ही काही बाहेरचं मागत नाही. जे कागदावर लिहिलं, ते वेळापत्रकात आणा, एवढंच म्हणतो. आणि हे शिकवणाऱ्या सिस्टरही बायाच आहेत. २०१८ साली कोचीत आपल्या एका सहकारिणीला न्याय मिळावा म्हणून जोगिणी रस्त्यावर बसल्या, ते देशानं पाहिलं. पुढं २०२२ साली न्यायालयानं आरोपी बिशपना निर्दोष ठरवलं. पण तोंड उघडायला किती बळ लागतं, हे त्या जोगिणींइतकं कुणाला कळणार?

म्हणून आमचं मागणं असं. नीतीच्या तासाला पाळी, शरीर, बालविवाहाचा कायदा आणि नकार देण्याचा हक्क शिकवा. या भागात सिकलसेलचा आजार आहे, त्याची माहिती मुलामुलींना लग्नाच्या वयाआधीच द्या. शिवण मुलांनाही, मैदान मुलींनाही. भिली, पावरी, अहिराणीला वर्गात मान द्या. पालकसभेला आयांना त्यांच्या बोलीत बोलू द्या आणि पुस्तकात काय आहे ते त्यांना वाचून दाखवा.

मैत्रिणींनो, तुमच्या गावची शाळा कुठल्याही संस्थेची असो, एकदा मुलीचं वेळापत्रक मागून बघा. तिला गप्प बसायला किती तास शिकवतात आणि बोलायला किती, ते मोजा. मग चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा.