सेवापुस्तिकेतील कोरी ओळ

दि. १० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस करंज' ही पाणबुडी नौदलात समारंभपूर्वक दाखल झाली. तिची बांधणी माझगावची. १७७४ मध्ये एका लहानशा सुक्या गोदीपासून सुरू झालेल्या, १९६० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतलेल्या आणि १९७२ मध्ये 'निलगिरी' ही युद्धनौका देशाला देणाऱ्या माझगाव डॉकच्या कीर्तीत आणखी एक भर पडली. समारंभाला प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल विजयसिंह शेखावत. १९७१ च्या युद्धात याच नावाच्या जुन्या पाणबुडीचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि त्याबद्दल वीरचक्र मिळविले होते. जुन्याचा हात नव्याच्या माथ्यावर ठेवण्याची ही रीत नौदलाने जपली आहे, हे कौतुकास्पदच आहे.

त्या जुन्या 'करंज'चे पहिले कप्तान मात्र एक मराठी अधिकारी होते. मोहन नारायणराव सामंत हे त्यांचे नाव. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी १९७१ साली केलेले काम सर्वसामान्य भारतीयाला सविस्तर कळले तेही त्याच वर्षी, संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा. म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी!

मार्च १९७१ च्या अखेरीस फ्रान्समधील तुलों बंदरात पाकिस्तानच्या 'मँग्रो' या पाणबुडीवरील आठ बंगाली नाविकांनी नोकरीवर पाणी सोडले आणि युरोपातून लपतछपत ते एप्रिलमध्ये मुंबईला येऊन पोहोचले. त्यांच्यापासून धागा धरून भारतीय नौदलाने भागीरथीच्या तीरावर, प्लासीजवळ, एक गुप्त छावणी उभी केली. सिराजउद्दौला जेथे हरला त्याच भूमीवर बंगाली तरुणांना रात्रीच्या अंधारात पोहत जाऊन जहाजांच्या तळाला सुरुंग चिकटविण्याचे शिक्षण देण्यात आले. या साऱ्या कामाची सूत्रे सामंतांच्या हाती होती. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी स्फोट झाले व पूर्व पाकिस्तानचा जलमार्ग हादरला. पुढे डिसेंबरमध्ये 'पद्मा', 'पलाश' आणि 'पनवेल' या तीन छोट्या नौका घेऊन सामंत मोंगला व खुलन्यावर चालून गेले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून केलेल्या माऱ्यात 'पद्मा' आणि 'पलाश' गमावल्या गेल्या, तरी त्यांनी माघार घेतली नाही. याच मोहिमेबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. नाविक चिमणसिंह यांनाही मिळाले. जखमी अवस्थेत पाण्यात असताना त्यांनी शत्रूचा मारा स्वतःवर ओढवून घेतला होता आणि आपल्या सोबत्यांना निसटू दिले होते.

अधिकाऱ्याचे नाव, निदान उशिरा का होईना, ग्रंथात आले. प्रश्न उरतो तो इतरांचा. प्लासीच्या छावणीत महिनोन्महिने राबलेले नौदलाचे पाणबुडे, नौकांवर तोफ चालविणारे, इंजिनाशी झटणारे, बिनतारी संदेश घेणारे. गुप्त कामगिरीचा स्वभावच असा की तिचे कागद कमीत कमी केले जातात. त्यातच २०१० मध्ये वृत्तपत्रांतून एक बातमी आली, की कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधील पूर्व कमांडच्या मुख्यालयातील, मुक्तिवाहिनीशी संबंधित कागदपत्रे युद्धानंतर लवकरच नष्ट करण्यात आली होती. ज्या युद्धात ९३ हजार शरणागतांची मोजदाद आपण काटेकोरपणे केली, त्याच युद्धातील आपल्या माणसांच्या कामाचे दप्तर आपणच जाळावे, याला काय म्हणावे?

एखादा निवृत्त नौसैनिक वयाच्या सत्तरीत अर्ज करतो, की 'माझ्या सेवा-नोंदीत अमुक पदकाची नोंद राहून गेली आहे, ती कृपया करावी', तेव्हा घरच्यांना ते म्हातारपणीचे खूळ वाटते आणि कचेरीला कटकट वाटते. 'आता त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न त्याला दोन्हीकडून ऐकावा लागतो. उपयोग पैशाचा नाही, हे त्यालाही ठाऊक असते. परमवीरचक्रापासून खालच्या शौर्यपदकांना मानधन असते. युद्धात सहभागी असल्याबद्दल दिल्या जाणाऱ्या पदकांना ते नसते. १९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवरील सेवेबद्दल पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार आणि त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी संग्राम पदक, अशी ही पदके आहेत. त्यांतून एक रुपयाही निवृत्तिवेतन वाढत नाही. मिळते ते एवढेच, की पदकाच्या कडेवर कोरलेला आपला क्रमांक आणि आपले नाव. 'मी तेथे होतो' या वाक्यावर राष्ट्राने केलेली स्वाक्षरी! नातवंडांना सांगितलेली हकीकत आणि सरकारी नोंद यांत अंतर राहिले, तर खोटा ठरतो तो आजोबा.

नोंद राहते तरी कशी? हा कोणा एकाचा दुष्टपणा क्वचितच असतो. अशी पदके युद्ध संपल्यावर जाहीर होतात, त्यांचे नियम त्याहून उशिरा निघतात आणि पात्र माणसांच्या याद्या जहाजांकडून मागविल्या जातात. तोवर नौसैनिक त्या जहाजावर असतोच कोठे? तो लोणावळ्याच्या 'शिवाजी'वर यंत्रशिक्षणाला गेलेला असतो, नाहीतर जामनगरच्या 'वालसुरा'वर वीजशाखेत. यादी करणारा कारकून समोर हजर असलेल्यांची नावे लिहितो. गेलेल्याचे नाव नव्या ठिकाणी कोणी पुढे केले तर आले, नाहीतर राहिले. शिवाय इंग्रजीत सावंत 'व्ही'ने लिहायचे की 'डब्ल्यू'ने, वडिलांचे नाव मध्ये घालायचे की शेवटी, या घोळात कोकणातील निम्मी आडनावे सापडतात. तरुण वयात कोणाला त्याची फिकीर नसते. निवृत्तीच्या दिवशी हातात पडलेले प्रमाणपत्र ट्रंकेत जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनी, एखाद्या माजी सैनिक मेळाव्यात शेजारच्याच्या छातीवरची फीत पाहून, आपल्याकडे ती नाही हे ध्यानात येते.

नौसैनिकांच्या सेवा-नोंदी सांभाळणारे 'ब्यूरो ऑफ सेलर्स' हे कार्यालय मुंबईतच, मानखुर्दला आहे. माझगावच्या डॉकयार्ड रोड स्थानकावरून हार्बरच्या गाडीने सरळ जाता येते. अंतर एवढेच, पण कोऱ्या ओळीपासून भरलेल्या ओळीपर्यंतचे अंतर कित्येकांना आयुष्यात कापता येत नाही. कारण पुरावा मागितला जातो. अमुक तारखेला अमुक जहाजावर होतो याचा कागद द्या! तो कागद मुळात सरकारचाच, सरकारच्याच ताब्यातला. तो आणायचा कोणी? ज्याच्या हाती कधीच नव्हता त्या म्हाताऱ्याने!

कचेरीची बाजूही ऐकली पाहिजे. न मिळविलेली पदके मिरविणारे महाभाग याही देशात आहेत. जुन्या बाजारात पदके विकत मिळतात, फितीही मिळतात. तेव्हा तपासणी न करता केवळ शब्दावर नोंद करणे म्हणजे ज्याने खरोखर लढाई केली त्याचाच अपमान. तपासणी हवीच. वाद आहे तो तपासणीचे ओझे कोणी वाहायचे, याबद्दल.

आणि येथे 'खुकरी'चे उदाहरण समोर ठेवावेसे वाटते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीने बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक हुतात्मा झाले, ६७ जण वाचले. जहाजाचे दप्तर, हजेरीपट, रोजनामा सारे समुद्राच्या तळाशी गेले. तरीही कोण गेले आणि कोण राहिले, याचा हिशेब नौदलाला एकेका माणसापर्यंत देता आला. देता येणारच होता, कारण जहाजावर कोण आहे याची खबर किनाऱ्यावरही ठेवलेली असते. बुडालेल्या जहाजाची माणसे जर नेमकी मोजता येतात, तर सुखरूप परतलेल्या जहाजांची का येऊ नयेत? ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर धडकलेल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौका, त्यांच्यासोबतच्या 'किल्तान' व 'कच्छल', ८ तारखेच्या 'विनाश', 'त्रिशूल', 'तलवार', यांपैकी प्रत्येक जहाजावर त्या रात्री कोण होते, हे कोणा निवृत्त माणसाने सिद्ध करण्याची गोष्टच नाही. जहाज पात्र ठरले की त्याच्या हजेरीपटावरून एकेका सेवापुस्तिकेपर्यंत कचेरीने जावे. माणसाने जहाजापर्यंत का जायचे?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील सेंट लुईसची हकीकत पाहावी. १२ जुलै १९७३ रोजी तेथील सैनिकी नोंदींच्या केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळून गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून १९६० पर्यंत सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या बहुतेक नोंदी त्यात नाहीशा झाल्या. पण 'फाइल जळाली' हे उत्तर देऊन त्या देशाने हात झटकले नाहीत. पगारपत्रके, रुग्णालयांतील नोंदी, तुकड्यांचे रोजचे अहवाल यांवरून एकेका माणसाची नोंद पुन्हा बांधण्याचे काम सुरू झाले. सेवामुक्तीच्या कागदात एखादे पदक राहून गेले असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी तेथे वेगळा छापील नमुनाच आहे. दुरुस्ती ही नित्याची बाब मानल्याशिवाय तिच्यासाठी नमुना छापला जात नाही. ब्रिटनने तर पहिल्या महायुद्धात भित्रेपणा, पलायन अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या आपल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये कायदा करून मरणोत्तर माफी दिली. नव्वद वर्षे उलटून गेली होती. मागणी करणारे होते त्यांचे वंशज!

आपल्याकडे मात्र मुंबईतच घडलेल्या फेब्रुवारी १९४६ च्या नाविक उठावाचे काय झाले? १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' तळावर पेटलेली ठिणगी पाच दिवसांत ७८ जहाजांवर आणि सुमारे २० हजार नाविकांपर्यंत पोहोचली. गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभा राहिला. परळला गोळीबारात कमल दोंदे यांनी प्राण गमावले. नेत्यांच्या सल्ल्यावरून आणि सूडबुद्धीने कारवाई होणार नाही या भरवशावर नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. नंतर ४७६ जणांना काढून टाकण्यात आले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. पुढे या उठावाला स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी मान्यता मिळाली आणि २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी नौदलाच्या चित्ररथावर हा उठाव दिमाखाने साकारण्यातही आला. ज्यांना नौदलाने घरी पाठविले, त्यांची प्रतिमा नौदलानेच दिल्लीच्या राजरस्त्यावरून मिरविली. यात मोठेपणा आहे, हे मान्य. मात्र तो मोठेपणा पाहण्यास त्यांच्यापैकी फारच थोडे शिल्लक होते.

उशिराचा हा रोग नौदलापुरता नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार घेताना पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी नाकारली गेली. पद्मश्री २०१८ मध्ये आली आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात त्यांच्या कामगिरीत काही भर पडली होती, असे नाही. पदक १९७२ चेच होते.

दाद मागण्याची सोय आता नाही असे नाही. २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण काम करीत असून त्याचे पीठ मुंबईतही आहे. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० व्या ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदरसिंह यांनी, आपल्या कामगिरीची युद्धाच्या अधिकृत नोंदीत विपरीत मांडणी झाली, अशी तक्रार याच न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील मुख्य पीठाकडे नेली होती. २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण ब्रिगेडियरला वकील करता येतो. लालबागच्या चाळीत किंवा देवगडच्या वाडीत राहणारा निवृत्त नौसैनिक, एका फितीसाठी न्यायालयाची पायरी चढेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रे खुली करण्याचे आणि युद्धेतिहास संकलित करण्याचे धोरण मंजूर केले. साधारणतः २५ वर्षांनी कागद खुले व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने तशी शिफारस केली होती. धोरण स्वागतार्ह आहे. पण युद्धेतिहास म्हणजे सेनापतींचे डावपेच आणि नकाशांवरील बाण एवढाच जर अर्थ घेतला गेला, तर मानखुर्दच्या दप्तरातील ओळी कोऱ्या त्या कोऱ्याच राहतील. त्या संकलनाला जोडूनच १९६१ च्या गोवा मुक्तीपासूनचे जहाजवार हजेरीपट तपासून याद्या प्रसिद्ध कराव्यात आणि ज्यांचे पदक राहून गेले त्यांना कचेरीने आपण होऊन कळवावे. हयात नसल्यास वारसांना.

तोवर करण्यासारखे काम समाजाकडेही आहे. १९७१ मध्ये विशीत असलेला नौसैनिक आज सत्तरीच्या मध्यावर आहे. गोवा मुक्तीत असलेला त्याहून बराच पुढे गेला आहे. माझगाव, लालबाग, परळ, गिरगाव या भागांत अशी माणसे आजही आहेत आणि त्यांना इंग्रजी अर्ज लिहिण्याचा कंटाळा आहे. कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जावे. ट्रंकेतील प्रमाणपत्र काढवून घ्यावे, सेवा क्रमांक, जहाजांची नावे आणि तारखा उतरवून घ्याव्यात, त्या काळी बरोबर असलेल्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याचे निवेदन जोडावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज मानखुर्दला पाठवावा. अर्जाची पोच घ्यावी व तीन महिन्यांनी पुन्हा विचारणा करावी.